यादीतली अठ्ठाविसावी ओळ

मी, हेडविका स्लामोवा, कै. व्हिलेम स्लामा यांची मुलगी, वय बत्तीस, अविवाहित, राहणार पोदस्काली, साझावा नदीकाठ, शिक्षणाने विद्युतरसायनतज्ज्ञ, व्यवसाय जुन्या मोटरसायकलींचा रंग, क्रोम व फिटिंग स्वच्छ करणे आणि टिकवणे, हा कागद गुरुवार, १ मे २०२५ रोजी सकाळी माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज सुट्टी असल्याने कारखाना बंद आहे. मला ताप नाही, मी दारू घेतलेली नाही आणि शेजारी बसून कोणी सांगत नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

येत्या मंगळवारी प्राग येथे माझ्या मेंदूतील एका रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया आहे. तिची भिंत एका जागी पातळ होऊन फुगली आहे. डॉक्टरांनी चित्र दाखवले तेव्हा मला फारसे समजावून सांगावे लागले नाही. वर्षानुवर्षे एकाच जागी घासलेला पत्रा मी रोज हाताळते. मी विचारले, किती जण घरी जातात. ते म्हणाले, "बहुतेक सगळे."

"बहुतेक म्हणजे किती?"

"शंभरात पंच्याण्णव तरी."

"आणि उरलेले पाच?"

ते म्हणाले, "बाई, तुम्ही रात्री नीट झोपत जा." त्या दिवसापासून झोप कमी झाली आहे, विचारशक्ती नाही.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. तरी मी साक्षीदार घेणार आहे. माझ्या एकटीच्या खुणेवर विसंबणे मी सोडले आहे. त्याचे कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम १. गावातील घराचा माझा अर्धा हिस्सा माझा थोरला भाऊ रादिम स्लामा, राहणार ब्रनो, याला मिळावा. दुसरा अर्धा त्याचाच आहे. आई मी अकरा वर्षांची असताना गेली आणि बाबा २०१६ मध्ये, त्यामुळे दुसरा कोणी हक्कदार नाही. तळघरात वरच्या फळीवर फॉस्फरिक आम्ल आहे आणि जिन्याखाली ब्लीच. ही दोन्ही एका बादलीत कधीही येऊ नयेत. विषारी वायू होतो. दोन्ही जिल्ह्याच्या घातक कचरा केंद्रात द्यावीत, नाल्यात ओतू नयेत. रादिम, तुला वाटेल थोडेसेच तर आहे. ओतू नकोस.

कलम २. कारखाना म्हणजे भाड्याच्या शेडचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात झोरा नेक्व्हापिलोवा मोटरसायकलींच्या सीट शिवते. बफिंगच्या खोलीत अॅल्युमिनियमची धूळ असते. ती झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी आणि त्या खोलीत लोखंड घासू नये. स्फोटाला एक ठिणगी पुरे होते. ही सूचना मृत्युपत्रात शोभत नाही हे मला कळते. पण मी गेल्यावर आवरायला जो येईल तो पहिल्यांदा झाडूच उचलेल, आणि भिंतीपलीकडे झोरा बसलेली असेल.

सर्व ब्रश, मेणाचे डबे, फ्लॅनेलची धुतलेली फडकी आणि माझी वही जिल्ह्याच्या तांत्रिक शाळेला द्यावी. झोराला विचारले होते. ती म्हणाली, "मला तुझी फडकी नकोत. माझ्या घरात आधीच एक नवरा पडून आहे."

वहीतले सर्व लिहीत नाही, फक्त चुकते तेवढे लिहिते. जोरदार फवाऱ्याने गाडी कधी धुऊ नये. पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि दोन वर्षांनी बाहेर येते, गंज होऊन. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. इंजिन पूर्ण थंड हवे. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा; लोखंडी काथ्या नको. मूळ रंग मळका असेल तर मळ काढावा आणि थांबावे. बहुतेक नुकसान थांबायच्या जागेनंतर होते.

कलम ३. अंत्यविधीचा खर्च वजा जाता बँकेत जे उरेल ते पोदस्कालीच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाला द्यावे. गेल्या वर्षी २७ एप्रिलला गिरणीच्या वळणावरून फोन गेल्यावर ते अकरा मिनिटांत पोहोचले. मला अकरा हा आकडा पाठ आहे.

कलम ४. तक्रारी. मनात ठेवून शस्त्रक्रियेला जाऊ नये असे झोराचे म्हणणे आहे.

पहिली तक्रार फादरांबद्दल होती आणि ती मिटली आहे. दर एप्रिलमध्ये चर्चसमोर गाड्या रांगेत लावून मोसम सुरू होण्याआधी त्यांच्यावर आशीर्वादाचे पाणी शिंपडतात. त्या पाण्यात मीठ असते. तीन वर्षांपूर्वी मी कोरडे फडके घेऊन फादरांच्या मागून चालत गेले.

ते थांबून म्हणाले, "हेडविका, मी आशीर्वाद देतोय आणि तू पुसतेयस."

"त्यात मीठ आहे, फादर."

"मीठ रिवाजात आहे."

"क्रोमला रिवाज कळत नाही."

बाबांचे मित्र अलोइसकाका रांगेतल्या त्यांच्या गाडीवरून म्हणाले, "तुम्ही पुढे चला, फादर. ती पुसेपर्यंत जेवढं आत झिरपेल तेवढं आमचं."

पुढच्या वर्षी फादर मुद्दाम माझ्याजवळ थांबले. "यंदा बिनमिठाचं आहे. डॉक्टरांनी मलाही बंद केलंय." मी मंगळवारी गेले तर माझ्या शवपेटीवर त्यांनी हवे ते शिंपडावे.

दुसरी तक्रार रादिमबद्दल आहे आणि ती मिटलेली नाही. बाबांची जावा मोटरसायकल, २५०, सन १९५७, गडद लाल, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम. बाबांनी ती १९७४ मध्ये जुनी घेतली आणि बेचाळीस वर्षे फक्त पुसली. पावसात निघाली तर घरी आल्यावर स्वतः कोरडे व्हायच्या आधी तिला कोरडे करत. जाताना त्यांनी ती माझ्या नावे ठेवली. २०१७ च्या एका रविवारी मी गावात नसताना रादिम त्याचे पॉलिशचे यंत्र घेऊन आला. ब्रनोत तो शोरूमच्या गाड्या चमकवतो. मी परतले तेव्हा तो अंगणात हात कमरेवर ठेवून उभा होता.

"ये, बघ. दाढी करून घे टाकीत."

"निकेल दिसतंय, रादिम."

"कुठे?"

"उजव्या बाजूला. ते पिवळसर."

"ते होय? मला वाटलं जुनं सोनेरी काम आहे. चांगलं दिसतंय की."

"क्रोम गेलंय तिथलं. तू खालच्या थरापर्यंत घासलंस. बाबांनी बेचाळीस वर्षं राखलं, तू चाळीस मिनिटांत काढलंस."

"बाबांनी घाण राखली, हेडा. घाण. तू ना, एक दिवस धुळीलासुद्धा चौकट करून भिंतीवर लावशील."

तो वाईट माणूस नाही. दर रविवारी फोन करतो आणि सोमवारी मला प्रागला घेऊन जायला येणार आहे. मी त्याच्यावर रागावून हे लिहीत नाही. मी रागावलेली आहे, पण तो निराळा मुद्दा. मुद्दा असा की जावा त्याच्या हाती गेली तर तो डाव्या बाजूचेही क्रोम काढून टाकी नव्याने मढवून घेईल आणि प्रेमाने करेल. म्हणून कलम ६.

कलम ५. हे कलम मी तीन वेळा लिहून फाडले आहे.

माझ्याकडे प्रत्येक गाडीला एक यादी असते. एकतीस ओळी. काम झाले की त्याच क्षणी त्या ओळीपुढे पेन्सिलीने खूण करायची. नंतर आठवून करायची नाही. हा नियम माझाच आहे आणि तांत्रिक शाळेच्या मुलींना मी तो व्याख्यानात सांगितला आहे.

ओळ २७: मेणाचा फवारा मारण्यापूर्वी पुढच्या ब्रेकची डिस्क पिशवीने झाकणे. ओळ २८: पिशवी काढून डिस्क दोन्ही बाजूंनी स्पिरिटने पुसणे, फडके पांढरे निघेपर्यंत. ओळ २९: अंगणात गाडी चालवून तीन वेळा ब्रेक लावून पाहणे. पिशवीच्या कडेतून थोडा फवारा आत जातोच, म्हणून ओळ २८ आहे. मेण लागलेली डिस्क चमकते, छान दिसते आणि ब्रेक धरत नाही.

२६ एप्रिल २०२४, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी आशीर्वाद होता, त्यामुळे माझ्याकडे पाच गाड्या होत्या. त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाला गाडी चकाकलेली हवी असते. वर्षभर जो चिखल चालतो तो त्या सकाळी चालत नाही. शेवटची गाडी अलोइस तुरेक यांची होती. अलोइसकाका निवृत्त पोस्टमन, तेव्हा वय एकाहत्तर, बाबांचे मित्र. आई गेल्यावर वर्षभर त्यांनी मला टपालाच्या गाडीवर पुढे बसवून शाळेत सोडले. त्यांची गाडीही जावाच, पण अलीकडची, पुढे डिस्क असलेली. संध्याकाळी सहाला ते आले.

"झाली का नवरी तयार?"

"दहा मिनिटं, काका."

"तुझी दहा मिनिटं मला माहीत आहेत. घरी सूप निवतंय."

"पाच, मग."

मी किल्ली दिली. यादी त्यानंतर भरली.

कारखान्यापासून त्यांचे घर आणि घरापासून चर्च, सगळा रस्ता सपाट आहे. जोराचा ब्रेक पहिल्यांदा लागतो तो गिरणीच्या उतारावर. दुसऱ्या दिवशी आशीर्वादानंतर गिरणीकडून फेरी मारून परत फिरताना ते त्या वळणावर थांबू शकले नाहीत. गाडी भिंतीवर गेली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांना काहीच आठवत नव्हते. कोणीतरी विचारले, हरीण आले का आडवे, तर ते म्हणाले, असेल. पोलिसांनी हरीण लिहिले. तेव्हापासून गावात ते हरीणच आहे.

ती यादी माझ्याकडे आहे. ओळ १ ते २६ पुढच्या खुणा निरनिराळ्या आहेत, काही ठळक, काही तेलकट बोटांनी पुसट झालेल्या. ओळ २७ ते ३१ पुढच्या पाच खुणा एका ओघात, एका कोनात, एकाच दाबाने केलेल्या आहेत. कोणालाही ती भरलेली यादी वाटेल. मला ती घाई दिसते. २७ ची पिशवी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात सापडली, म्हणजे ती ओळ झाली होती. २८ चे फडके सापडले नाही. डिस्क पुसल्याचे मला आठवत नाही. न पुसल्याचेही आठवत नाही. अंगणात गाडी फिरवल्याचे आठवते, पण तसे मी दर गाडीला करते आणि ती आठवण कोणत्या गाडीची हे मला सांगता येत नाही.

अजून एक गोष्ट आहे, आणि यादीत नसली तरी तीच मुख्य आहे. मोडलेली गाडी तीन महिने अग्निशमन दलाच्या शेडमध्ये उभी होती. एक पांढरे फडके आणि स्पिरिट घेऊन गेले असते तर पाच मिनिटांत कळले असते. शेडची किल्ली कुठे टांगतात हे मला माहीत आहे. जुलैमध्ये भंगारवाला गाडी घेऊन गेला. त्या तीन महिन्यांत मी शेडवरून नव्वदेक वेळा गेले असेन.

मी हे कोणाला सांगितलेले नाही. झोरालाही नाही. यादी या कागदासोबत जोडली आहे.

कलम ६. बाबांची जावा, तिच्या सर्व कागदपत्रांसह व दोन्ही किल्ल्यांसह, अलोइस तुरेक यांना मिळावी. तिची किक आणि गिअर दोन्ही डाव्या पायाने चालतात हे मला माहीत आहे. त्यांनी ती चालवावी म्हणून देत नाही. त्यांच्या घरी ती कोणी घासणार नाही.

कलम ७. हे कलम दुसऱ्या दिवशी, शुक्रवार, २ मे रोजी संध्याकाळी पाच वाजता, अलोइस तुरेक यांच्या स्वयंपाकघरात लिहिले आहे. शाई तीच आहे.

काल लिहून झाल्यावर मी कागद पाकिटात घातला. मग लक्षात आले की मी जगले तर हे पाकीट कधी उघडणार नाही आणि कलम ५ कोणी वाचणार नाही. म्हणजे मी कबुली अशा जागी ठेवली होती जिथे ती फक्त मेल्यावर लागू होते. मला ती व्यवस्था बरोबर वाटली नाही. झोराला सर्व सांगितले आणि तिच्यासोबत इथे आले, कारण डॉक्टरांनी मला गाडी चालवायला मनाई केली आहे. झोरा वाटेत एकदाच बोलली. "मला वर्षभर वाटत होतं, हिचं कोणाशी तरी लफडं आहे."

मी कलम ५ आणि ६ मोठ्याने वाचले. अलोइसकाका बटाटे सोलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी हातातला बटाटा पूर्ण सोलला, पातेल्यात टाकला आणि सुरी पुसली.

"पाचवं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले.

"म्हणजे पुसली असशील किंवा नसशील."

"हो."

"तुलाच माहीत नाही."

"नाही."

"आणि गाडी तीन महिने तिथे उभी होती."

"हो."

"पायाचं सोड," ते म्हणाले. "त्या शुक्रवारी घाई मीच केली, सूप माझं निवत होतं. पण ते तीन महिने, हेडा. मी इस्पितळात पडून होतो, तू दर बुधवारी केक घेऊन यायचीस. उशाशी बसून हरणाबद्दल विचारायचीस."

ते खरे आहे. मी विचारत असे.

"वर्ष झालं, रोज सकाळी पाय बांधताना मी त्या हरणाला आईबहिणीवरून शिव्या घालतो," ते म्हणाले. "बिचारं हरीण."

झोरा हसली, मग थांबली. म्हणाली, "अलोइस, मंगळवारी तिचं डोकं उघडणार आहेत."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर हिने आजचा दिवस शोधला. माणसाला ओरडता येणार नाही असा."

"ओरडा, काका."

"नाही ओरडणार. सोयीचं होईल तुला." त्यांनी हात पुढे केला. "ती यादी दे इकडे."

त्यांनी यादी खिडकीजवळ नेऊन चष्मा वर करून पाहिली, शेवटच्या पाच खुणांवरून अंगठा फिरवला आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग गाडीचे विचारले.

"सहाव्यात काय, जावा मला? पायाच्या बदल्यात?"

"तसं नाही."

"तसंच आहे. व्हिलेमची गाडी घरात ठेवू आणि रोज येताजाता बघू, की माझा पाय केवढ्याला गेला." ते टेबलाकडे वळले. "खाली साक्षीदार कोण आहे?"

"झोरा. दुसरं कोणी ठरलं नाही अजून."

"मी करतो सही."

मी त्यांना सांगितले की नोटरीबाईंनी बजावले आहे, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद होतो.

"म्हणजे सही केली की गाडी मला मिळत नाही."

"नाही मिळत."

"मग पेन दे."

"काका, तुम्ही घेतली नाहीत तर कायद्याने ती रादिमकडे जाईल."

"जाईल."

"तो घासेल तिला."

"घासेल," ते म्हणाले. "मग बरी हो, ये, आणि दुसरं कुणाचं तरी नाव घाल. आणि येशील तेव्हा हातात वेळ घेऊन ये. मला तुला बरंच बोलायचंय, आणि ते मी आजारी माणसाला बोलत नसतो."

झोरा म्हणाली, "मी तेव्हा नसले तर बरं."

"तू तुझ्या शेडमध्ये शिवत बसलीस तरी तुला ऐकू जाईल."

त्यानुसार:

कलम ६ मी आज एका सरळ रेघेने खोडले आहे आणि रेघेच्या दोन्ही टोकांना माझी लहान सही केली आहे. खालचे शब्द वाचता येतात. ते पुसलेले नाहीत. त्या जागी दुसरे नाव लिहिलेले नाही. शस्त्रक्रियेनंतर लिहिण्याचा विचार आहे. तोवर काही झाले तर गाडी माझ्या भावाला मिळेल आणि तो तिचे काय करेल हे मला माहीत आहे. तरीही खोडले आहे.

कलम ५ जसे आहे तसे राहील. त्यात उल्लेख केलेली यादी आता या कागदासोबत नाही. ती अलोइस तुरेक यांच्याकडे आहे. मी ती परत मागितलेली नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोघांसमोर वाचून दाखवला आणि कोणाच्याही दबावाखाली न येता त्यावर सही करत आहे. तारीख सही करतानाच लिहिली आहे.

ठिकाण: पोदस्काली
दिनांक: २ मे २०२५

सही: हेडविका स्लामोवा

साक्षीदार

१. झोरा नेक्व्हापिलोवा, सीट शिवणकाम, पोदस्काली. सर्व ऐकले.

२. अलोइस तुरेक, निवृत्त पोस्टमन, पोदस्काली. पाचवे कलम दोनदा ऐकून सही केली आहे. माफ केले असे यात कुठेही लिहिलेले नाही आणि कोणी तसे वाचू नये. बाकीचे ती घरी आल्यावर तोंडी.